राउटर रात्री बंद करायचा का? इंदूरच्या घरांसाठी सरळ हिशोब

सरळ सांगतो, चालू राहू द्या. रात्री झोपायच्या आधी घरातलं कुणीतरी टीव्ही, गीझर, स्वयंपाकघरातला लाईट अशी बटणं बंद करत एक फेरी मारतंच, त्यात राउटरचा नंबर लावायची गरज नाही, चोवीस तास चालण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे ती. कधी बंद करायचा हे मात्र माहीत पाहिजे, आपल्याकडच्या मे-जूनमध्ये तर नक्कीच.

आधी बिलाचं बघून टाकू कारण घरात खरा वाद तिथेच होतो. राउटरचा अ‍ॅडाप्टर उलटा करून वाचा, बहुतेक १२ व्होल्ट आणि १ किंवा १.५ अँपिअर असं लिहिलेलं सापडेल. १२ गुणिले १ म्हणजे १२ वॅट (१.५ असेल तर १८), आणि ही झाली वरची हद्द, साधा फायबरवाला राउटर प्रत्यक्षात ६ ते १० वॅटच्या मध्येच कुठेतरी असतो. १० धरा. दिवसाला पाव युनिटपण नाही, महिन्याला ७ युनिट आणि वर थोडं. आता रोज रात्री ८ तास बंद ठेवला तर महिन्याचे वाचले २.४ युनिट, म्हणजे २००० वॅटचा गीझर जेमतेम सव्वा तास चालला की सगळी बचत साफ.

हां, आपल्या एमपीत एक चक्कर आहे, महिन्याचं रीडिंग १५० युनिटच्या आत राहिलं तर पहिल्या १०० युनिटचे १०० रुपयेच लागतात, त्यामुळे ज्यांचा आकडा दर वेळी १४८-१५२ च्या मध्ये नाचत असतो त्यांना दोन युनिटपण जड वाटतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. पण मग आधी तो जुना फ्रिज बघा, आणि टाकी भरून वाहायला लागली तरी चालू राहणारी पाण्याची मोटर बघा, राउटर त्या यादीत फार खाली येतो.

बंद केल्यानं काय काय अडतं ते लोकांच्या लक्षात येत नाही. दारावरचा वायफाय कॅमेरा गेला, आणि तो लावलाय रात्रीसाठीच. फोनच्या फोटोंचा बॅकअप बहुतेक रात्री चार्जिंगला लावल्यावर होतो, तो राहिला. राउटरचं स्वतःचं अपडेट कंपनी पुष्कळदा मध्यरात्रीनंतर पाठवते, ते पण राहिलं. आणि फायबरवाला लँडलाईन फोन असेल तर तो राउटरमधूनच चालतो, जुन्या तांब्याच्या तारेवरच्या फोनसारखा लाईटशिवाय वाजत नाही. आमच्या आत्यानं रोज रात्री दहाला राउटर बंद करायचा नेम धरला होता आणि तिकडे पुण्याहून तिचा मुलगा साडेदहाला फोन लावून लावून थकला, शिव्या मात्र कंपनीला! घरात वयस्कर माणसं असतील तर एवढ्या एका कारणासाठी तरी चालू ठेवा.

मुलं रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल बघतात म्हणून बंद करत असाल तर त्याला वेगळा उपाय आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (काही राउटरला १९२.१६८.०.१ असतं, खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतंच), आत पॅरेंटल कंट्रोल किंवा वायफाय शेड्यूल शोधा आणि फक्त मुलांच्या फोनची वेळ ठरवून द्या, कॅमेरा चालू राहील. अर्थात मुलं मोबाईल डेटावर जातील ते जातीलच, त्याला राउटर काय करणार.

रेडिएशनचं पण कुणीतरी विचारतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगवाल्या संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित' वाल्या २बी गटात टाकलं, धोका सिद्ध झालाय असा त्याचा अर्थ होत नाही, आणि लहरींचा जोर अंतराबरोबर झपाट्यानं उतरतो त्यामुळे हॉलमधल्या राउटरपेक्षा कानाला लावलेला मोबाईल कितीतरी जवळचा. तरी मनात येत असेल तर उशाशी ठेवू नका, मिटलं.

आता खरं कामाचं. राउटर चालू राहून मरत नाही, उन्हाळ्यानं मरतो. पुष्कळ घरगुती राउटर ० ते ४० डिग्रीसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात इंदूरात बाहेरच ४१-४२ असतं, वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीची खोली असेल तर दुपारनंतर आतपण भट्टी. त्यात आपण तो टीव्ही युनिटच्या काचेच्या दाराआड ठेवतो, गरम सेट-टॉप बॉक्सवर ठेवतो, आणि वर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल! त्याच्या पोटाला आणि बाजूंना ज्या बारीक फटी असतात त्या हवा जायला असतात हो, त्याला पंखा नसतो, फटी झाकल्या की आतली गरमी आतच. दुपारी दोन-तीन वाजता नेट लटकतं आणि रात्री मक्खन चालतं असं होत असेल तर कंपनीला फोन करायच्या आधी राउटरला हात लावून बघा. कोमट चालतं, हात ठेववत नसेल तर जागा बदला. भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, मोकळ्या हवेत, इन्व्हर्टरपासून लांब. रुमाल काढाच, आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

दुसरा शत्रू वीज. जूनमध्ये पहिले गडगडाट सुरू झाले की राउटर बंद करायचा, आणि बंद म्हणजे नुसतं बटण नाही, अ‍ॅडाप्टर सॉकेटातून ओढून काढायचा, कारण बटण एकच तार तोडतं आणि जवळ वीज पडली तर झटका दुसऱ्या वाटेनं येऊ शकतो. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, त्या बाजूनं फारशी काळजी नाही, पण गल्लीतल्या केबलवाल्या भैयानं गच्चीवरून निळी किंवा करडी लॅन वायर आणून दिली असेल तर ते तांबंच आहे, ती पण काढा. गच्चीवरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, लॅननं राउटरला जोडलेला असेल तर तिकडून पण झटका येतो, ही वाट सगळे विसरतात. चार-आठ दिवस गावाला जाताय, कॅमेरा नाही, लँडलाईन नाही, मग तेव्हाही काढूनच जा.

आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा रिस्टार्ट मात्र द्या. दिवसेंदिवस चालून मेमरी भरत जाते आणि नेट सुस्त होतं, शिवाय राउटरमध्ये शिरणारे काही व्हायरस फक्त मेमरीत राहतात, ते रिस्टार्टनं उडतात. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं लोकांना घरचे राउटर रिस्टार्ट करायला सांगितलं होतं ते व्हीपीएनफिल्टर नावाच्या अशाच एका व्हायरसमुळे, निदान ५ लाख उपकरणांत तो शिरला होता, रिस्टार्टनं त्याचा काही भागच जायचा पण तेवढापण उपयोगाचा होता. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा अ‍ॅडमिनचा पासवर्ड आला तसाच ठेवला असेल तर आजच बदला, नाहीतर गेलेलं परत येतं.

रिस्टार्ट म्हणजे बटण बंद, अर्धा मिनिट थांबा, चालू, मग तीन-चार मिनिटं हात लावू नका. पॉनचा, म्हणजे फायबरची लाईन लागल्याचा, हिरवा दिवा स्थिर झाला पाहिजे, एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकत राहिला तर गडबड फायबरमध्ये आहे, राउटर किती वेळा बंद-चालू केला तरी काही होणार नाही, भैयाला बोलवा. आणि मागे सुईच्या टोकाएवढं रिसेटचं भोक असतं त्यात टाचणी घालू नका, सगळी सेटिंग पुसली जातात आणि पुष्कळ कनेक्शनमध्ये कंपनीचं युजरनेम-पासवर्डपण जातं, मग दोन दिवस झंझट.

सारखी लाईट जात असेल तर राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, येतो तो घ्या, व्होल्ट अ‍ॅडाप्टरवर लिहिलेत तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. अ‍ॅडाप्टर बदलताना पण हाच नियम. राउटर आपोआप सारखा रिस्टार्ट होत असेल तर नवा राउटर घ्यायच्या आधी अ‍ॅडाप्टर बदलून बघा, पुष्कळदा आधी तोच जातो. आणि नवा आणल्यावर त्यावर मार्करनं 'राउटर' लिहून ठेवा, सेट-टॉप बॉक्सच्या अ‍ॅडाप्टरची पिन कधीकधी अगदी तशीच असते पण व्होल्ट वेगळे असू शकतात आणि दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही एकाच डब्यात जातात.