घडीची बाटली सॅकमध्ये जाण्याआधी

पवनेच्या काठी तंबू ठोकायचा, तर दारूचा खंबा, म्हणजे काचेची मोठी बाटली, घरीच राहू दे. ७५० मिलीची रिकामी बाटलीच चारपाचशे ग्रॅम भरते, घडीची बाटली, म्हणजे दुमडता येणारी मऊ पिशवी, जेमतेम तीस-चाळीस. आधी डोकी मोजा. तिघांत दोन चपट्या, म्हणजे ३६० मिली, पुष्कळ झाल्या, तेव्हा अर्ध्या लिटरचं माप बास.

खरी परीक्षा आतल्या अस्तराची. सिलिकॉन मऊ असतं, छान चेपतं, पण वास सोडत नाही. माझ्या पहिल्या बाटलीतून आधी लिंबाचं सरबत नेलं होतं. पुढच्या वेळी रमला लिंबू आणि रबर दोन्ही लागलं, नंतर महिनाभर पाण्याला रम. टीपीयू या लवचीक प्लास्टिकची पाण्याची पिशवी बऱ्याच ट्रेकरांकडे असते, तिच्यात कडक दारू ओतू नका. अल्कोहोलने ते प्लास्टिक फुगू शकतं. आतून फूड-ग्रेड पॉलिथिन असेल आणि मद्य चालेल असं कंपनीने स्वच्छ लिहिलं असेल, तरच घ्या. नुसतं ‘बीपीए-फ्री’, म्हणजे बीपीए हे प्लास्टिकमधलं रसायन नसलेलं, म्हणून दारूला चालेल असं नव्हे.

झाकण आट्यांचं आणि आत वॉशर असलेलं हवं. चोखायची तोटी नको. पाणी भरून पिशवी वर्तमानपत्रावर आडवी ठेवा, वर दोन जाडजूड पुस्तकं, आणि सकाळी कागद बघा. मी हे केलं नव्हतं, म्हणून माझी स्लीपिंग बॅग दोन दिवस गुत्त्यासारखी घमघमत होती. कागद कोरडा निघाला, तर तुमच्याच ब्रँडची तीस मिली दिवसभर आत ठेवून मूळ बाटलीतल्या घोटाशेजारी चाखा.

पुण्याच्या बोहरी आळीतून छोटं स्टीलचं नरसाळं आणा. पिशवी गच्च भरू नका, उरलेली हवा दाबून काढा. उन्हात तापलेल्या डिकीत दारू पाण्यापेक्षा जास्त फुगते. वर मार्करने ठळक ‘दारू’ लिहा. जिन आणि पाणी दिसायला सारखंच, आणि पहाटे चहाचं आधण ठेवणारा अर्धवट झोपेत असतो. स्टोव्हजवळ ओतणं नको: चाळीस टक्क्यांच्या दारूची वाफ साधारण २६ अंशांनाच पेट घेऊ शकते.

दारू पिण्याचा परवाना खिशात हवा. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं. गडावर मात्र ही पिशवी न्यायचीच नाही, तिथे वाद नको. परतीची गाडी कोण चालवणार हेही निघतानाच ठरवा, त्याच्यासाठी कोकम सरबत.

घरी आल्यावर कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा घालून खळबळा, तोंडात लाकडी डाव अडकवून उलटी टांगा. पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात. तोवर ‘हे काय लटकवलंयस?’ या प्रश्नाला उत्तर तयार ठेवा.