रास्कोल्निकोव्हचे मन वाचताना या चुका टाळा

दस्तयेवस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ या कादंबरीचा नायक रास्कोल्निकोव्ह एका सावकारीण म्हातारीचा कुऱ्हाडीने खून करतो. त्याआधी त्याला एक स्वप्न पडते. त्यात तो लहान मुलगा असतो आणि मिकोल्का नावाचा माणूस आपल्या घोडीला मरेपर्यंत मारतो. कादंबरीचे मनोविश्लेषण करू पाहणारे बहुतेक निबंध या स्वप्नापाशी येऊन घसरतात. एका अभ्यासवर्गात एका हुशार विद्यार्थ्याने घोडी म्हणजे आई आणि तिला मारणारा मिकोल्का म्हणजे बाप, सबब इडिपस गंड, म्हणजे मुलाची आईविषयीची ओढ आणि बापाविषयीचे वैर, सिद्ध, असा निबंध वाचला आणि त्याला टाळ्याही पडल्या. त्या स्वप्नात रास्कोल्निकोव्हचे वडील स्वतः हजर आहेत, हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. ते मिकोल्काला अडवत नाहीत. हे आपले काम नव्हे, असे सांगून रडणाऱ्या मुलाला तेथून दूर नेतात. म्हणजे या स्वप्नातला बाप क्रूर नसून दुबळा आहे, आणि निबंधाचा पायाच तेथे ढासळतो. शिवाय जागा होताच, आपण खरोखरच कुऱ्हाड हाती घेणार का, असा विचार रास्कोल्निकोव्ह करतो. त्यामुळे घोडीला कवटाळणारा मुलगा जसा तो आहे, तसाच पहार उगारणारा मिकोल्काही तोच आहे. मी स्वप्नाआधीचे आईचे पत्र आणि जागे झाल्यानंतरची पाने पुन्हा वाचल्याशिवाय प्रतीकाविषयी एक ओळही लिहीत नाही. ज्यांना एवढा धीर नाही, त्यांनी स्वप्नांच्या वाटेला जाऊ नये.

कादंबरी 1866 मधली आहे आणि तेव्हा मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड दहा वर्षांचा होता. तेव्हा लेखकाने सिद्धांत ‘वापरला’ असे लिहू नये. फ्रॉइडचा दस्तयेवस्कीवरचा 1928 मधील प्रसिद्ध लेख मुख्यतः ‘ब्रदर्स करमाझव’ आणि लेखकाचे अपस्मार यांविषयी आहे, म्हणून तो रास्कोल्निकोव्हच्या माथी मारू नये. रास्कोल्निकोव्हला कबुलीकडे नेणारी सोन्या म्हणजे पराहम् (मनातला नैतिक पहारेकरी) आणि विषयासक्त स्विद्रिगायलोव म्हणजे इदम् (आदिम वासना), ही वाटणी परीक्षेपुरती ठीक आहे.

दुसरी मोठी चूक म्हणजे लिझावेताला विसरणे. सावकारीण म्हातारी म्हणजे ‘दुष्ट आई’, या मांडणीत तिची निरुपद्रवी सावत्र बहीण कोठेच बसत नाही, म्हणून सारांश वाचून लिहिणारे तिला सरळ गाळतात. तिला मारण्याचा बेत नव्हता. अवचित दारात आली आणि मारली गेली. आपण लिझावेताचा विचार जवळजवळ करतच नाही, जणू तिला मारलेच नाही, याचे पुढे रास्कोल्निकोव्हलाच नवल वाटते. दमनाविषयी, म्हणजे नकोशी गोष्ट मनाआड ढकलण्याविषयी, लिहायचे असेल, तर सुरुवात तेथून करावी.