रेसिड्युअल शून्याला टेकला, ग्रिड मात्र भिंतीत घुसली

प्रवाहाच्या गणितासाठी एका चॅनलमध्ये ग्रिड, म्हणजे रेघांची जाळी, बसवायची होती. खालच्या भिंतीवर एक उंचवटा, बस्स एवढंच होतं. एक्स-वाय म्हणजे बिंदूची खरी जागा, क्साय-ईटा म्हणजे जाळीच्या रेघांचे क्रमांक. क्साय-ईटाच्या चौकोनात एक्सचा लाप्लासियन (दोन्ही दिशांच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची बेरीज) शून्य, वायचाही शून्य. समीकरणं रेषीय आणि एकमेकांपासून सुटी, त्यामुळे कोड एका दुपारी लिहून झाला. उंचवटा बुटका होता तोवर ग्रिड देखणी आली. तो उंच आणि अरुंद केला, आणि माथ्यावर भिंतीलगतची पहिली रेघ थेट भिंतीच्या आत! जेकोबियन, म्हणजे सेलच्या (जाळीच्या एका घराच्या) क्षेत्रफळाचं चिन्हासकट माप, ऋण.

त्यानंतरचे तीन आठवडे आठवले की अजून स्वतःचाच राग येतो. रिलॅक्सेशन फॅक्टर (दर फेरीत उत्तर किती सरकवायचं तो आकडा) बदलला, टीएफआयची (कडांवरून आतले बिंदू थेट काढायची रीत) सुरुवातीची ग्रिड बदलली. अहो, अशा रेषीय प्रश्नाचं उत्तर एकच असतं, सुरुवात कुठूनही करा! हे परीक्षेत लिहिलं होतं, इथे सुचलं नाही. वरून मार्गदर्शक म्हणाले, "रेसिड्युअल पडलाय ना, मग पुढे जा." रेसिड्युअल, म्हणजे समीकरणात उरलेली चूक, एवढंच सांगतो की मांडलेलं समीकरण सुटलं. ते मांडायचं होतं का, हे तो सांगत नाही.

मी समीकरण उलट्या बाजूने मांडलं होतं. लाप्लास पाळायला हवा तो क्साय आणि ईटाने, आणि तोही खऱ्या, वाकड्यातिकड्या प्रदेशात. हार्मोनिक मॅपिंग, म्हणजे लाप्लास पाळणारी जोडणी, एकास-एक राहण्याची हमी मिळते ती ज्या प्रदेशात आपण पोचतो तो बहिर्वक्र (कुठेही आत न दबलेला) असेल तर. क्साय-ईटाचा चौकोन नेहमीच बहिर्वक्र असतो. उंचवट्याचा चॅनल नसतो. माझी दिशा चॅनलकडे जाणारी, म्हणजे हमी गेलीच. योग्य बाजूने मांडून मग एक्स-वायसाठी उलटवलं की विन्स्लोची 1966 ची समीकरणं येतात; थॉम्पसन, थेम्स आणि मॅस्टिन यांनी 1974 मध्ये हीच वाट एअरफॉइलसारख्या आकारांभोवती नेली. या समीकरणांतले अल्फा, बीटा, गॅमा हे गुणक ग्रिडवरच अवलंबून, म्हणून एक्स आणि वाय एकमेकांत गुंततात. घाबरू नका. गुणक मागच्या फेरीतले धरून गाउस-सायडेल (एकेक बिंदू सुधारत फिरायची रीत) चालवलं तरी बहुतेक वेळा निभावतं. फक्त अल्फात ईटाचे डेरिव्हेटिव्ह असतात आणि तो क्सायच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला गुणतो. इथे अदलाबदल झाली तर चौरस सेलमध्ये कळतही नाही.

ही हमीही कागदावरची, सलग समीकरणाची. जाड ग्रिड आणि तीक्ष्ण कोपरा असेल तर रेघा तरीही दुमडतात, म्हणून प्रत्येक सेलचे चारही कोपरे तपासा. सेलचं एकूण क्षेत्रफळ धन असूनही एक कोपरा उलटा असू शकतो. आणि नुसता लाप्लास रेघा माथ्यावर गोळा करतो, पायथ्याच्या खोबणीत विरळ ठेवतो. बाउंडरी लेयर (भिंतीलगतचा मंद प्रवाहाचा पातळ थर) पकडायचा तर पी आणि क्यू, म्हणजे रेघा हव्या तिथे ओढणारी उजव्या बाजूची पदं, लागतातच. भिंतीशी अंतर आणि कोन दोन्ही हवे असतील तर स्टेगर आणि सोरेन्सन यांची 1979 ची पद्धत घ्या. पी आणि क्यू पहिल्याच फेरीत पूर्ण जोराने लावू नका, सगळं उधळतं. माझ्या कोडमध्ये ते पहिल्या दोनशे फेऱ्यांत हळूहळू चढवणारी एक ओळ आहे. दिसायला बावळट आहे, पण काढायची हिंमत होत नाही.