लाईट गेल्यावर चालणारा घरचा लिथियम पॅक, घर न जाळता कसा बनवायचा

आमच्या देवगडकडे मे संपता संपता पहिला गडगडाट झाला की लाईट जाते, आणि परत कधी येणार ते लाइनमनला पण ठाऊक नसतं. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा तर माड आणि आंब्याच्या फांद्या तारांवर पडून गावंच्या गावं अंधारात होती, लोक मोबाईल चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग लावून उभे. त्यानंतर मी स्वतः पॅक बनवायला शिकलो. आत्ता घरात चालतोय तो तिसरा. पहिला का मोडून टाकला ते खाली येईलच.

आधी आपण काय बनवतोय ते नक्की करा. अख्ख्या घराचा इन्व्हर्टर पहिल्याच फटक्यात बनवायला जाऊ नका. एक वायफाय राउटर, १२ व्होल्टचे दोन एलईडी बल्ब आणि १२ व्होल्टचा एक डीसी पंखा, सगळं मिळून ५० वॉटच्या आसपास. त्यासाठी ६ अँपियर-अवरचे १६ सेल, चार-चार समांतर आणि असे चार गट एकामागोमाग, ज्याला ४एस ४पी म्हणतात. होतात १२.८ व्होल्ट, २४ अँपियर-अवर, म्हणजे साधारण ३०७ वॉट-अवर. त्यातले ८० टक्के वापरायचे धरले तर सगळं एकदम चालू ठेवून साडेचार-पावणेपाच तास जातात, पंखा बंद केला तर त्याच्या दुप्पट.

सेल कुठला घ्यायचा यावर मी वाद घालत नाही, एलएफपीच घ्या, लिथियम आयर्न फॉस्फेट. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडून काढलेले १८६५० सेल स्वस्तात मिळतात, पण ते बहुतेक वेगळ्या रसायनाचे, ३.७ व्होल्टवाले, आणि ते तापून बिथरले की आतूनच ऑक्सिजन सोडतात, मग वरून हवा बंद करून काही उपयोग होत नाही. एलएफपीमध्ये ऑक्सिजन फॉस्फेटने घट्ट धरून ठेवलेला असतो, त्यामुळे तो बिथरायला खूप जास्त तापमान लागतं. पेटतच नाही असं नाही हां, धूर आणि पेटणारा वायू तोही सोडतो, फक्त आपल्याला सावरायला जास्त जागा देतो. मी ३२७०० साईझचे नवे सेल घेतले, ३२ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर उंच. यात टोकाला नट बसणारे पण मिळतात, स्पॉट वेल्डर, म्हणजे सेलला पट्टी ठिपक्या-ठिपक्यांनी जोडायचं मशीन, नसेल तर तेच घ्या. सेलला सोल्डरिंग आयर्न डायरेक्ट लावायची नाही, आतला सेपरेटर म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तो उष्णतेने गेला तर वरून काही कळत नाही आणि चार महिन्यांनी सेल दगा देतो.

आता सेल एकमेकांना जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या. आपल्या किनाऱ्यावर मला हा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. शुद्ध निकेल म्हणून विकतात त्यातली बरीचशी पट्टी लोखंडावर निकेलचा मुलामा दिलेली असते. पुण्यात ती चालूनही जाईल, इथल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजते, आणि लोखंडातून करंट नीट जात नाही म्हणून तापते ती वेगळीच. ओळखायची पद्धत सोपी आहे, पट्टीचा बोटभर तुकडा घ्या, पॉलिश पेपरने एका बाजूने चांगला खरवडा, वाटीत मिठाचं पाणी करून रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी खरवडलेल्या जागी तांबूस गंज दिसला आणि पाणी चहासारखं झालं तर ती पट्टी पॅकला नको. माझ्या पहिल्या पॅकची पट्टी अशीच निघाली. मी टेस्ट केली तीच मुळी पॅक बनवून झाल्यावर, आईने दुसऱ्या दिवशी लोणच्याची म्हणून ती वाटी उचलली आणि जो काय ओरडा घातला तो वेगळा.

सेल आले की लगेच जोडायला बसू नका. प्रत्येकावर मार्करने नंबर घाला, मल्टिमीटरने व्होल्टेज लिहून ठेवा, कॅपॅसिटी टेस्टरवर, म्हणजे सेलमध्ये किती साठतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, पूर्ण चार्ज करून २.५ व्होल्टपर्यंत रिकामा करा आणि किती अँपियर-अवर निघाले ते लिहा. नुसत्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका कारण एलएफपीचा आलेख एकदम सपाट असतो, ३० टक्के भरलेला आणि ७० टक्के भरलेला सेल मीटरवर जवळपास सारखाच दिसतो, ३.३ च्या आजूबाजूला. मग सगळे चार्ज करून दोन आठवडे पडू द्या आणि परत मोजा. सोळातला एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त खाली उतरलेला दिसला तर तो बाजूला, कितीही जीवावर आलं तरी. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल परत जिवंत करायचे व्हिडिओ बघून ते करायला जाऊ नका, फार खाली गेलं की आतलं तांबं विरघळू शकतं आणि चार्ज करताना नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. म्हणून सोळा लागत असतील तर अठरा मागवा.

त्यानंतर बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणं. सोळाच्या सोळा सेल समांतर जोडायचे, सगळे प्लस एकत्र, सगळे मायनस एकत्र, पण त्याआधी सगळ्यांचं व्होल्टेज ०.०५ च्या फरकात आलेलं पाहिजे, नाहीतर भरलेला सेल रिकाम्याच्या अंगावर धावतो. बेंच सप्लाय, म्हणजे नॉबने व्होल्टेज ठरवता येतो तो पॉवर सप्लाय, जोडायच्या आधी ३.६५ वर सेट करा, जोडल्यावर नॉबला हात लावायचा नाही. ५ अँपियरने याला दिवस मोडतो, सेल रिकामे असतील तर दोन. रात्री झोपताना काढून ठेवा, सकाळी परत लावा. लोक म्हणतात बीएमएस, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणारा सर्किट बोर्ड, करेल की बॅलन्स, पण साध्या बीएमएसचा बॅलन्स करंट ५० मिलिअँपियरच्या आसपास असतो, म्हणजे नुसता एक अँपियर-अवरचा फरक मिटवायला २० तास, आणि ते पण पॅक वरपर्यंत भरलेला असतानाच.

जोडणी करताना एक गोष्ट लक्षात ठेवा, सेलचं अख्खं पत्र्याचं अंग मायनस असतं, प्लस फक्त वरची टिकली आणि दोघांच्या मध्ये एक बारीकशी रिंग. वरून पट्टी सरकून कडेला टेकली की शॉर्ट. म्हणून प्रत्येक प्लसवर बार्ली पेपरची, म्हणजे वीज अडवणाऱ्या जाड कागदाची, मध्ये भोक असलेली गोल चकती चिकटवायची, हे काम कंटाळवाणं आहे तरी करायचंच. सेल प्लास्टिकच्या होल्डरमध्ये बसवा, पहिल्या ओळीचे प्लस वर, दुसरीचे खाली, असं आलटून पालटून. गरम गोंदाने एकमेकांना चिकटवून बसू नका, मध्ये वारा खेळायला फट राहिली पाहिजे. दोन ओळींच्या मध्ये एकच जोड न देता चारही सेलवरून चार जोड द्या म्हणजे करंट वाटला जातो, आणि दोन्ही टोकांच्या ओळींवर, जिथून मोठी वायर निघते तिथे, पट्टी डबल करा. वेल्ड झाला की पक्कडीने ओढून बघा. पट्टी फाटून ठिपके सेलवरच राहिले तर वेल्ड चांगला, अख्खी पट्टी स्टिकरसारखी सुटून आली तर मशीनचा जोर वाढवा. पण ही ओढाताण आधी टाकाऊ सेलवर करायची, पॅकवर नाही. आणि हे सगळं करताना अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

बीएमएस घेताना त्यावर एलएफपी आणि ३.२ व्होल्ट लिहिलंय ना ते बघा, ३.७ लिहिलेला बोर्ड ४.२ पर्यंत जाऊ देतो, आपल्या सेलला ते खूप झालं. ४एस, ३० अँपियरचा पुरे. जाड काळी वायर, जिला बी मायनस म्हणतात, ती पॅकच्या मायनसला. मग पाच बारीक वायरी क्रमाने, काळी पॅकच्या मायनसला, पुढे पहिल्या गटाचा प्लस, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, चौथ्याचा. आणि हे होईपर्यंत बारीक वायरींचा कनेक्टर बोर्डमध्ये खुपसलेला नको.

माझा पहिला पॅक इथेच बिघडला. मी शहाणपणा करून पाचही बारीक वायरींची टोकं एकदम सोलून ठेवली, तीन जोडून झाल्या, तेवढ्यात फोन वाजला म्हणून वळलो आणि दोन उघडी टोकं एकमेकांना चिकटली. आवाज काही झाला नाही, नुसती लाल वायर मऊ पडून वाकली, तिचं प्लास्टिक फुगलं आणि जळका वास सुटला. मी नुसत्या बोटांनी ओढून तोडली, बोटावर अजून पांढरी रेघ आहे. आई दारातून म्हणाली, "घर जाळतलस काय रे झिला?" तेव्हापासून एका वेळी एकच वायर सोलतो, ती जोडतो, टेप लावतो, मग दुसरी. सगळ्या झाल्या की कनेक्टरच्या पिना मल्टिमीटरने मोजतो, काळ्यापासून पुढे ३.३, ६.६, ९.९, १३.२ असे चढत जायला पाहिजेत, एक जरी आकडा उड्या मारत असेल तर वायर चुकली. बरोबर असेल तरच कनेक्टर लावायचा. लावल्यावर आउटपुटला शून्य दिसलं तर घाबरू नका, बरेच बोर्ड चार्जर एकदा टेकवल्याशिवाय जागेच होत नाहीत.

फ्यूज प्लसच्या वायरवर, पॅकपासून वीतभर अंतराच्या आत. गाडीतला १५ अँपियरचा ब्लेड फ्यूज होल्डरसकट लावा, वायर ४ स्क्वेअर एमएमची, टोकाला थिंबल, म्हणजे नट बसायला भोक असलेली धातूची टोपी, नीट क्रिम्प केलेलं. बीएमएस आहे मग फ्यूज कशाला असं विचारणारे भेटतात, बीएमएसमधले मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे स्विच, जळताना बऱ्याचदा शॉर्ट होऊनच जळतात, तेव्हा दरवाजा उघडाच राहतो. घरातला साधा एमसीबी इथे लावू नका. एसीमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत तो शून्यावर येतच नाही.

चार्जर १४.६ व्होल्टचा, एलएफपीसाठीचाच, ५ अँपियर. गाडीच्या बॅटरीचा जुना चार्जर लावू नका, त्यातले काही मध्येच व्होल्टेज वर फेकतात. आणि राउटरला हा पॅक डायरेक्ट लावायचा नाही, चार्ज होताना १४ च्या वर जातो, मध्ये १२ व्होल्टचा बक-बूस्ट मॉड्यूल टाका, तो व्होल्टेज कमी-जास्त असला तरी १२ च देतो.

पहिलं चार्जिंग खळ्यात, चिऱ्यावर ठेवून, आपण खुर्ची टाकून समोर. दर अर्ध्या तासाने चारही गट मोजा, हात लावून बघा. कोमट ठीक आहे, एकच कोपरा गरम लागतोय तर काढा.

ठेवायचा कुठे? माळ्यावर अजिबात नाही, कौलाखाली एप्रिलमध्ये जो उकाडा साठतो त्यात सेल लवकर म्हातारे होतात, पत्रा असेल तर बोलायलाच नको. पलंगाखाली नाही, झोपायच्या खोलीतून बाहेर जायच्या वाटेवर नाही, मांगरात गवत आणि सुक्या झावळ्यांजवळ तर नाहीच. मी पडवीच्या आतल्या भिंतीत चिऱ्याचा कोनाडा आहे तिथे ठेवलाय, झड येत नाही आणि आजूबाजूला जळण्यासारखं काही नाही. डबा पत्र्याचा, आतून बार्ली पेपर लावलेला, खालच्या बाजूला भोकं, हवाबंद करायचा नाही कारण सेलने वायू सोडलाच तर त्याला वाट पाहिजे. बीएमएसच्या बोर्डवर सर्किटला मारतात तो क्लिअर कोटिंगचा स्प्रे दोन हात मारा, थिंबलवर व्हॅसलीन.

कधी फुसफुस आवाज आला, गोडसर सॉल्व्हंटसारखा वास आला किंवा पांढरा धूर दिसला तर डबा उघडून बघायचा नाही. तो धूर विषारी असतो. सगळ्यांना बाहेर काढा, १०१ किंवा ११२ ला फोन करा, घरचा मेन स्विच हाताशी असेल तर पाडा, आणि लांबून जमेल तर भरपूर पाणी. पावडरचा सिलिंडर ज्वाळा विझवतो पण सेल थंड करत नाही, मग तो परत पेटतो. विझल्यावर पण पॅक घरात आणायचा नाही. बाद झालेले सेल कचऱ्यात किंवा खाडीत टाकू नका, २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे वेगळे नियम आहेत, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, देताना टोकांना टेप लावून.

बाकी देखभाल फार नाही. मिरगाच्या आधी लोक नळे, म्हणजे कौलं, परततात तेव्हाच मी डबा उघडतो, नट आवळतो, हिरवट गंज आलेलं थिंबल बदलतो, चारही गटांचं व्होल्टेज डब्याच्या झाकणावर आतून पेन्सिलने तारीख घालून लिहितो. यंदा पूर्ण भरलेला असताना तिसरा गट बाकीच्यांपेक्षा ०.०४ ने खाली दिसला, गेल्या वर्षी ०.०१ होता. दिवाळीला परत मोजणार, तेव्हा फरक अजून वाढला असेल तर तो गट सोडवून चारही सेल एकेक करून टेस्टरवर घालणार.