घरी चालणारा व्हिडिओ वर्गात का अडतो? ई-धड्यात व्हिडिओ टाकताना या चुका टाळा

पॉवरपॉइंटमध्ये, किंवा एचफाइव्हपी, स्टोरीलाइन अशा ई-धडे बनवण्याच्या साधनांमध्ये व्हिडिओ टाकायला अर्धा मिनिटही लागत नाही. ‘इन्सर्ट’ दाबलं, फाइल निवडली, झालं. मग भर वर्गात पडद्यावर काळा चौकोन येतो आणि सगळे मिळून सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. बहुतेक वेळा ते बिचारं निर्दोष असतं. गडबड फाइलमध्ये असते, त्यामुळे स्लाइडवर कितीही खटपट केली तरी ती सुटत नाही.

‘अहो, पण एमपीफोरच आहे ना!’

एमपीफोर हा फाइलचा प्रकार म्हणजे नुसता डबा आहे. आत भाजी कोणती, ते झाकणावरून कळत नाही. व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती अनेक आहेत. डब्यात एच.264 या जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीचा व्हिडिओ असू शकतो, तसाच एचईव्हीसी या नव्या पद्धतीचाही. 2017 साली आलेल्या आयओएस 11 पासून नवे आयफोन मुळातच एचईव्हीसीमध्ये चित्रीकरण करतात, आणि काही अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यातही हा पर्याय सुरू असतो. विंडोजच्या ज्या संगणकावर त्याचा कोडेक, म्हणजे ती पद्धत उलगडणारा प्रोग्रॅम, नाही, तिथे आवाज येतो पण चित्र येत नाही. अशा वेळी फाइलचं नाव बदलून ‘.एमओव्ही’चं ‘.एमपीफोर’ करणारेही भेटतात. त्याने आतलं काहीच बदलत नाही.

आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘कॅमेरा’, मग ‘फॉरमॅट्स’मध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. चित्रीकरण आधीच झालं असेल तर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल बदलून घ्या: व्हिडिओ एच.264, आवाज एएसी या पद्धतीचा. ही जोडी पॉवरपॉइंटला चालते आणि आजच्या सगळ्या प्रमुख ब्राउझरनाही.

तिथेच ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वरही खूण करा. फोन आणि बरेच स्क्रीन रेकॉर्डर दर सेकंदाला सारख्याच संख्येने फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घेत नाहीत. प्रकाश कमी झाला किंवा यंत्रावर ताण आला की संख्या घटते. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले, पण दहाव्या मिनिटाला शिक्षक एक बोलतात आणि ऐकू दुसरंच येतं, असं झालं तर पहिला संशय यावरच घ्यावा.

व्हिडिओ लॅपटॉपमध्येच राहिला

पॉवरपॉइंट 2010 पासून व्हिडिओ सादरीकरणाच्या आतच साठवला जातो. पण फाइल जड होते म्हणून ‘लिंक टू फाइल’ वापरलं, तर स्लाइडमध्ये फक्त व्हिडिओचा पत्ता राहतो. पेनड्राइव्हवर एकटी पीपीटी घेऊन गेलात की संपलं. लिंकच ठेवायची असेल, तर आधी व्हिडिओ आणि पीपीटी एका फोल्डरमध्ये ठेवा आणि मगच जोडा. किंवा ‘पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी’ वापरा. नाव जुनाट वाटलं तरी पर्याय कामाचा आहे: लिंक केलेल्या फाइलीही तो एकत्र उचलतो, आणि सीडीऐवजी साध्या फोल्डरमध्येही ठेवतो.

यूट्यूबचा दुवा टाकला असेल तर सभागृहातल्या इंटरनेटची चौकशी आधी करा, इतकंच.

वजन कमी करण्याच्या नादात

हिशेब सोपा आहे. बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला लागणारा डेटा, मेगाबिटमध्ये (एमबीपीएस) असतो, त्याला 8 ने भागलं की सेकंदाला किती मेगाबाइट ते कळतं. 2 एमबीपीएसचा व्हिडिओ मिनिटाला 15 एमबी होतो, दहा मिनिटांचा 150. समोर बसून बोलणाऱ्या शिक्षकासाठी 720पी इतकी चित्राची स्पष्टता आणि एवढा बिटरेट पुरतो. पॉवरपॉइंटमध्ये ‘ट्रिम’ केल्याने मात्र फाइल लहान होत नाही. नको तो भाग नुसता लपतो. कापाकापी आधीच व्हिडिओ एडिटरमध्ये करावी.

आणि व्हिडिओ दाबायचा, म्हणजे कॉम्प्रेस करायचा, तो एकदाच. सहकाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ वाटेतच एकदा दाबला गेलेला असतो. तो तुम्ही हँडब्रेकमधून काढता, शेवटी पॉवरपॉइंटचं ‘कॉम्प्रेस मीडिया’ चालवता, आणि फळ्यावरचं समीकरण वाचता येत नाही म्हणून कॅमेऱ्याला दोष देता. व्हॉट्सॲपवरून मागवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

मूडलवर चढवल्यानंतरचे घोळ

मूडल म्हणजे धडे ऑनलाइन ठेवायची प्रणाली. तिथून विद्यार्थ्याकडे व्हिडिओ सुरू व्हायलाच फार वेळ लागतो? एमपीफोरची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी राहिली असेल, तर ती हाती येईपर्यंत ब्राउझर अडून बसतो. हँडब्रेकमधली ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ ही खूण ती पुढे आणते.

स्वतःच्या संगणकावर चालतो पण सर्व्हरवर सापडत नाही, असं असेल तर फाइलचं नाव पाहा. विंडोजला इंग्रजी लिपीतलं मोठं आणि लहान अक्षर सारखंच वाटतं, लिनक्स सर्व्हरला नाही. रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही, अशी नावं ठेवा. देवनागरी नावांची झिप उघडताना कधी कधी अक्षरांचा चुराडा होतो, म्हणून मराठीचं प्रेम शीर्षकात दाखवावं, फाइलच्या नावात नको.

पान उघडताच निवेदन आपोआप सुरू होईल, अशी रचना तर टाळाच. 2018 पासून क्रोम आवाज असलेला व्हिडिओ सहसा स्वतःहून चालू देत नाही. ‘सुरू करा’ असं बटण द्या.

मराठी उपशीर्षकं

इथे आपली खास अडचण येते. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर उपशीर्षकात इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसतो. आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या अक्षरसंचात, बदला, मग नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-8’ निवडून साठवा. एचफाइव्हपी आणि पॉवरपॉइंट दोघांनाही उपशीर्षकांची वेबव्हीटीटी (.vtt) प्रकारची फाइल लागते. एसआरटी (.srt) या उपशीर्षकांच्या दुसऱ्या प्रकारच्या फाइलचं नुसतं नाव बदलून भागत नाही: पहिल्या ओळीत रोमन मोठ्या अक्षरांत WEBVTT हा शब्द हवा, आणि वेळेतल्या सेकंदांनंतर स्वल्पविरामाऐवजी टिंब. एका स्वल्पविरामापायीही ती ओळ पडद्यावर येत नाही.