ऑडिटमध्ये एनसी आली? मग या चुका तरी करू नका

एनसी म्हणजे नॉनकन्फॉर्मिटी, ऑडिटरने काढलेली त्रुटी. भोसरीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये आयएसओ ९००१ ची, म्हणजे क्वालिटीच्या स्टँडर्डची फाइल मी सांभाळते, त्यामुळे यातल्या अर्ध्या चुका स्वतःच करून बसलेय.

मागच्या ऑडिटमध्ये एका व्हर्नियरवरचं कॅलिब्रेशनचं (अचूकता तपासल्याचं) स्टिकर मुदत संपलेलं निघालं आणि कॅलिब्रेशन सर्टिफिकेट ऐन वेळी सापडेना. झालं, मायनर म्हणजे किरकोळ एनसी. आमचे साहेब क्लोजिंग मीटिंगमध्येच ऑडिटरशी भांडायला उठले. त्याचा काही उपयोग नसतो हो, कारण ऑडिटर फक्त शिफारस करतो, आयएसओ सर्टिफिकेटचा निर्णय ऑडिटला न आलेला दुसराच माणूस घेतो, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांसाठीच्या आयएसओ १७०२१ या स्टँडर्डमध्ये नियमच तसा आहे, आणि त्या माणसासमोर तुमचा आवाज नाही तर कागद जातो. पटत नसेल तर शांतपणे सांगा की आमचं मत वेगळं आहे, ते रिपोर्टमध्ये नोंदवा.

दोन दिवसांनी कॅलिब्रेशन सर्टिफिकेट स्टोअरच्या ड्रॉवरमध्ये सापडलं, तारीख ऑडिटच्या आधीची. साहेब म्हणाले, ऑडिटर उद्धट होता अशी तक्रारच ठोकू. इथेच बहुतेक जण घसरतात! वागणूक, उशीर, बिल याबद्दल असते ती तक्रार. आयएसओ सर्टिफिकेट नाकारलं, सस्पेंड केलं, म्हणजे निर्णयच मान्य नाही, तर ते अपील. आमचं दोन्ही नव्हतं, नुसता एनसीवर पुरावा द्यायचा होता. एनसी नंबर टाकून कॅलिब्रेशन सर्टिफिकेट पाठवलं. एनसी गेली नाही, पण ‘कॅलिब्रेशन नाही’ च्या जागी ‘स्टिकर अपडेट नाही’ झालं.

मग एनसीचं उत्तर लिहायची वेळ. ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं’ हे सगळ्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते नामंजूर होऊन परत येतंच. आम्ही व्हर्नियर हातात घेऊन बघितलं तर नवीन स्टिकर जुन्यावरच चिकटवलेलं, कूलंटने ते सुटलं आणि खालचं जुनं वर आलं. आता जुनं खरवडून, पुसून मगच नवीन लावतात, आणि बाकीचे सगळे गेजही तपासले. रूट कॉज, म्हणजे मूळ कारण, असं लिहायचं असतं.

मेजर म्हणजे गंभीर एनसी असेल तर मात्र तारखा बघा. पहिल्यांदाच सर्टिफिकेट घेताय आणि स्टेज २, म्हणजे मुख्य ऑडिटनंतर ६ महिन्यांत सुधारणा दाखवता आली नाही तर स्टेज २ परत, खर्चासकट.

अपील केलं तर पुढच्या वेळी डूख धरतील ही भीती सगळ्यांनाच असते. पण अपील बघणारी माणसं त्या ऑडिटमधली किंवा निर्णयातली नसावीत आणि अपील केलं म्हणून भेदभाव करायचा नाही, असं त्याच आयएसओ १७०२१ मध्ये लिहिलंय. शिवाय सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने पुढच्या ऑडिटरचं नाव तुम्हाला आधी कळवायचं असतं, योग्य कारण असेल तर तेव्हाच हरकत घ्या, तो गेटवर आल्यावर नाही.

आणि एक, थेट जिनिव्हाला आयएसओकडे मेल टाकू नका, ते सर्टिफिकेट देतच नाहीत. आधी सर्टिफिकेशन बॉडीला, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला, लेखी कळवून पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर सर्टिफिकेटवर ज्या अ‍ॅक्रेडिटेशन बॉडीचा (सर्टिफिकेशन बॉडीला मान्यता देणाऱ्या संस्थेचा) लोगो आहे तिच्याकडे जा, आपल्याकडे बऱ्याचदा ती एनएबीसीबी असते. कुठलाच लोगो नसेल तर… सर्टिफिकेट स्वस्तात मिळालं होतं का ते आठवून बघा.