खताचं पोतं गोठ्यातून आजच बाहेर काढा

राधानगरी, गगनबावड्याकडं आषाढातला पाऊस लागला की खत भिजू नये म्हणून पोती सरळ गोठ्यात येतात. बोनमीलचं, म्हणजे हाडांच्या भुकटीचं पोतं गव्हाणीला टेकवलेलं असतं. उसवलेल्या शिवणीतून भुकटी सांडते आणि म्हैस ती चाटत बसते. दरवर्षी सांगतो, तरी दरवर्षी तेच दिसतं.

ब्रिटनमध्ये १९८६ साली मॅड काऊ (बीएसई) हा गाईंच्या मेंदूचा आजार ओळखला गेला. मेलेल्या जनावरांचं मांस-हाडं दळून गाईंच्याच खुराकात घातलं होतं. १ लाख ८० हजारांवर जनावरांना तो झाला. १९८८ ला बंदी आली, तरी पुढं जन्मलेल्या हजारो जनावरांना लागलाच, कारण डुकरं-कोंबड्यांच्या खाद्यातला अंश गाईंच्या खाद्यात मिसळत राहिला. बाधित मेंदू एक ग्रॅमहून कमी पोटात गेला तरी पुरतो. हा आजार प्रिऑनमुळं होतो. प्रिऑन म्हणजे घडी बिघडलेलं प्रथिन; शिजवून, उकळून ते मरत नाही. लस नाही, औषध नाही, लक्षणं दिसायला चार-पाच वर्षं. माणसाला तो बाधित मेंदू, मज्जारज्जू खाण्यातून होतो, हे १९९६ ला पुढं आलं. दावणीला शेजारी बांधल्यानं तो लागत नाही.

भारतात हा आजार आढळलेला नाही. पण हाडं चाटून होणारा बोट्युलिझम (जंतूच्या विषानं अंग लुळं पाडणारा आजार) म्हैस काही दिवसांत आडवी पाडतो. म्हणून खताचं पोतं वेगळ्या खोलीत. त्याचं रिकामं बारदान पेंडीला नको, कोंबडीखाद्याचा डबाही नको.

दुभत्या जनावराला मांस-हाडांची भुकटी घालायला एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेची) मनाई आहे. तरी दुकानदार ‘दूध वाढवणारी पावडर’ गळ्यात मारतो. घटक छापलेले नसतील तर फुकटही घेऊ नका. खुराकाच्या पोत्यावर आयएस २०५२ (पशुखाद्याचं भारतीय मानक) बघा. सरकी पेंड, मका भरडा, गव्हाचा भुसा यांवर भागतं.

नुसत्या उसाच्या वाड्यावर असलेली म्हैस हाडाला जास्त तोंड लावते, असं माझ्या नजरेला येतं. म्हणून मोठ्या जनावराला रोज खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम.

बाकीची कामं:
- घटसर्प, फऱ्याची लस राहिली असेल तर लगेच
- जंताचं औषध डॉक्टरांकडून, वजनावर
- बुरशी धरलेली पेंड उकिरड्यावर
- गोचीड, गव्हाणीची सफाई

जनावर दचकतंय, मागच्या पायात झोकांड्या खातंय, लाळ गाळतंय? तोंडात हात घालू नका, आपल्याकडं पहिला संशय पिसाळल्याचा. त्याचं दूध कुणाला देऊ नका, १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन लावा. मेलं तर ओढ्यात ढकलू नका. चुना घालून खोल पुरा.